उंबरठा रडतो नावाचं गाव

वड्यांसाठी लाखोळीची डाळ वाटत होते. आंघोळीचं पाणी तापलं का म्हणून हे तिसऱ्यांदा विचारत होते. तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या घरातले रफीकभाऊ. आमच्या नागभीडात सगळे त्यांना टेलर म्हणून ओळखतात, पण दिवाळी सरली की ते झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायला जातात. ब्लाउजचं माप विसरतील, सूर विसरायचे नाहीत.

"वैनी, तुमी कालेजात शिकल्या. हे गाव कुठी आहे, सांगा बरं." त्यांनी मोबाईल पुढे केला.

नाटक: "थांब सूनबाई
गाव: उंबरठा रडतो"
वेळ: मिंडाळा

मी दोनदा वाचलं. "एखादा टोला असेल, चार घरांचा."

"मलेही तसंच वाटलं. मिंडाळ्याहून निघाचं, आन मंग उंबरठा रडतो. पण रस्ता कोणता?"

"आमच्याच घरचा असंन," आतून हे म्हणाले. "पाण्यासाठी रडून राह्यला."

"मालकांना फोन करा ना, भाऊ," मी म्हटलं.

ते घुटमळले. "हे मेसेज आमची तहसीन पाठवते. पयलंच काम हाय तिचं. मालकाले इचारलं का तो म्हणंन, पोरीले जमत नाई. आन तिले कसं इचारू? लय खुशीनं करते."

मग मीच हात पुसून त्यांच्या घरी गेले. तहसीन लॅपटॉपवर होती. खुशालभाऊ मालक प्रयोगांची फाईल पाठवतात. तिचा प्रोग्राम प्रत्येक ओळ स्वल्पविरामांपाशी तोडतो आणि तुकडे मेसेजात भरून सगळ्या कलाकारांना धाडतो. कालपर्यंत नीट चाललं होतं. मला त्यातलं फार कळत नाही, पण मेसेजातल्या दोन जादा टिकल्या डोळ्यांत खुपत होत्या.

"एक 'थांब'च्या आधी, एक 'रडतो'च्या नंतर. ह्या कशाच्या गं?"

तिने फाईल उघडली. "काकू, मिंडाळ्यात हे नाटक आधी झालंय. म्हणून खुशालकाकांनी रात्री नवं नाव दिलं, 'थांब सूनबाई, उंबरठा रडतो'. दोन अवतरणचिन्हांत आहे म्हणजे ते सगळं एकच. आतला स्वल्पविराम तोडायचा नसतो. मी तोडला."

म्हणजे अर्धं नाव गावाच्या जागी बसलं, गाव वेळेच्या जागी सरकलं आणि वेळ बाहेरच पडली. तिने प्रोग्राममधली आपली तोडायची ओळ काढली आणि अवतरणचिन्हं ओळखणारी, पायथन नावाच्या त्या प्रोग्रामच्या भाषेतली तयार सोय लावली. मालकांकडे कुणाचा फोन जायच्या आत नवा मेसेज गेला: गाव मिंडाळा, वेळ चार.

रफीकभाऊंनी तो वाचला. गोंधळ काही उतरला नव्हता.

"म्हंजे नाटक जुनंच?"

"हो, अब्बा."

"आन उंबरठा रडतो हे गावच नाई?"

"नाही, अब्बा."

मला दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा हळूच म्हणाले, "वैनी, एक काम करा. तिले सांगा, मेसेज पाठव, पण बापाले तोंडानंही सांगत जाय."