छबुबाईचा वसवा

सावलीची नोंद सातबाऱ्यावर होत नाही. जमीन कुणाची, विहीर कुणाची, पीक कोणतं, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. पण बांधावरच्या झाडाची सावली सकाळी एकाच्या शेतात असते आणि दुपारनंतर दुसऱ्याच्या, आणि तिला धरून ठेवणारा तलाठी अजून जन्मला नाही. त्या सावलीखाली ज्वारी खुरटते, तूर पिवळी पडते. या नुकसानीला आमच्याकडे वसवा म्हणतात. वसव्यावरून बोलणं बंद झालेली घरं वडवणीच्या आसपास कुठल्याही गावात सापडतील. छबुबाई आणि अर्जुनराव ही सख्खी भावंडं, शेजारी शेजारी शेतं असलेली. त्यांचं बोलणं मात्र कधी बंद झालं नाही. ती रोज भांडत.

छबुबाई थोरली. तिचं लग्न युसूफ वडगावला झालं आणि थोड्याच वर्षांत मोडलं. ती माहेरी आली, भावाच्या घरामागच्या खोलीत राहिली, भावाच्या शेतात राबली. वडील गेले तेव्हा अर्जुनरावांनी तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. बहिणी असा कागद वाचत नाहीत. सही करतात, जेवतात आणि सासरी निघून जातात. छबुबाईला जायला सासर नव्हतं.

"सही न्हाई करणार," ती म्हणाली. "मला माझा वाटा पायजे."

अर्जुनरावांनी वाटा दिला, पण बरडाचा. डोंगराच्या पायथ्याची ती जमीन म्हणजे नुसता दगड. नांगराचा फाळ लागला की ठिणगी उडावी असा. "करू द्या तिला आता शेती," ते पारावर बसून म्हणाले, आणि लोक हसले.

छबुबाईनं शेती केलीच नाही. तिनं बरडाला काट्यांचं कुंपण घातलं आणि घरोघरच्या शेळ्यांच्या लेंड्या गोळा करायला लागली. बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर उगवतं, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. ते मुद्दाम पेरावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण बाभूळ ही उपटायची गोष्ट असते.

बरडाच्या वरच्या अंगाला साखराबाईचं शेत. तिनं कुंपणाशी उभं राहून विचारलं, "छबे, लोक बी पेरत्यात आन् तू लेंड्या पेरती. आता काय शेळ्या उगवणार हायत का?"

"उगवल्या तर एक तुला दीन," छबुबाई म्हणाली.

शेळ्या उगवल्या नाहीत. बाभळी उगवल्या, त्यांच्या काट्यांच्या आडोशानं हिवर आले, बोरी आल्या, पाखरांनी टाकलेल्या लिंबोळ्यांतून लिंब आले. दगडाखाली कुठं ओल असते ते झाडांना आपोआप कळतं. माणसाला तिथं पोचायला फार खोदावं लागतं. दहा-बारा वर्षांत बरडाचं रान झालं. छबुबाई त्यातून कुऱ्हाडीचे, खोऱ्याचे, टिकावाचे दांडे काढून विकायला लागली. गोठ्याला लागणाऱ्या मेढी, म्हणजे वर दोन फाटे असलेले खांब, तिच्याकडे मिळायचे. जळण मिळायचं. गावात ट्रॅक्टर झाले, पण खोऱ्याला दांडा लागतोच. तोडीचा तिचा एकच कायदा होता: खाली कमरेएवढं पोर, म्हणजे त्याच झाडाचं रोप, उभं असल्याशिवाय वरचं झाड तोडायचं नाही. कुणी कितीही घाई केली तरी ती आधी वाकून खाली पाहायची.

गावातल्या निम्म्या हातांत तिच्या रानाचं लाकूड होतं, तरी गाव त्या रानाला 'अर्जुनरावचं बरड'च म्हणायचं. अर्जुनराव स्वतः बांध ओलांडून हवे तेव्हा आत शिरायचे, दातवणाला फांदी मोडायचे, एखादी मेढ खांद्यावर टाकून न्यायचे. आणि संध्याकाळ झाली की छबुबाई त्यांच्याच घरामागच्या खोलीत परत जायची. तिच्या नावावर रान होतं, पण त्या रानात पाठ टेकायला जागा नव्हती.

साठीला आली तेव्हा तिनं ठरवलं की रानात घर बांधायचं. छोटंसंच, पण आपलं.

वडवणीत कय्युमची लाकडाची वखार आहे. छबुबाईचं जास्तीचं लाकूड तोच उचलायचा. त्यानं रानातून एक फेरी मारली आणि म्हणाला, "आपा, खांब झाले, वासे झाले. पण तुळई आन् चौकट कशाची करणार? बाभूळ सगळी वाकडी हाय. सरळ बुंधा तुमच्याकडं एकच हाय."

तो बांधावरचा लिंब होता. वाटणीच्या आधीपासूनचा, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या एका बाजूला छबुबाईचं बरड, दुसऱ्या बाजूला अर्जुनरावांचं विहिरीखालचं काळं रान. वसव्याचं भांडण होतं ते याच झाडावरून. वसवा पडतो म्हणून अर्जुनराव दरवर्षी आपल्या बाजूच्या फांद्या सवळायचे, म्हणजे थेट बुंध्यापासून छाटून टाकायचे. छबुबाईच्या बाजूला कोणी हात लावत नसे.

लिंब तोडायचा म्हटल्यावर अर्जुनराव तरातरा बांधावर आले. बांधाला साखराबाई होती, कय्युम होता, आणि भाकरी घेऊन आलेली अर्जुनरावांची बायको गीताबाई होती.

"झाडाला हात लावायचा न्हाई," अर्जुनराव म्हणाले. "बांध दोघांचा हाय."

"मंग झाड दोघांचं," छबुबाई म्हणाली. "आर्धं घे. मला बुंधा दी, फांद्या तू घे."

"फांद्या? आगं अक्का, इतकी वर्षं वसवा कुणी सोसला? सावली माझ्या रानात पडली. सावली माझी, तर झाड बी माझंच."

"सावली तुझी? मंग तिच्यात शेळ्या बांधल्यास, खुरपणाऱ्या बाया जेवल्या, तुझी मोटरसायकल उभी राहिली, ते मोजलंस का? का सावलीचा निस्ता तोटाच मोजतोस?"

साखराबाई फिसकन हसली. गीताबाईनं पदर तोंडाला लावला.

अर्जुनरावांचा राग लिंबासाठी नव्हता. लिंब त्यांनी चार वेळा विकायला काढला होता आणि चार वेळा विसरले होते. रान बहिणीच्या नावावर असलं तरी बहीण आपल्या खोलीत असेपर्यंत ते रान आपलंच, असं त्यांनी धरलेलं होतं. रानात घर उभं राहिलं की ते गेलं. हे छबुबाईलाही माहीत होतं. म्हणूनच ती त्या लाकडासाठी भावाशी भांडत होती, आणि दुसरीकडून विकतचं लाकूड आणत नव्हती.

शेवटी अर्जुनराव म्हणाले, "न्हाई ना पटत? मंग झाडालाच ठरवू द्या. मुळं मोकळी करायची, दोर लावायचा न्हाई, ढकलायचं न्हाई. ज्याच्या रानात पडंल त्याचं. मंजूर हाय?"

बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती. जमिनीचा उतार त्यांच्याच रानाकडे होता.

"मंजूर," छबुबाई म्हणाली.

कय्युमनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "अर्जुनराव, एक डाव बघा तरी. तुमच्या बाजूच्या फांद्या तुमीच उतरवल्या. सगळा भार तिकडं हाय. कशाला आपल्याच..."

"तू लाकडं तोड, कय्युम. वकिली करू नको."

"माझं काय जातं," कय्युम म्हणाला.

तूर फुलात होती तेव्हा खोदाई झाली. कय्युमची माणसं लिंबाभोवती चर खणू लागली. छबुबाईच्या बाजूला जरा खाली गेलं की दगड लागला. तिथली मुळं उथळ, दगडावर हात पसरल्यासारखी. ती लवकर तुटली. अर्जुनरावांच्या बाजूला मात्र माती खोल होती, आणि तिथं मांडीएवढं एक मूळ निघालं, सरळ विहिरीच्या दिशेनं गेलेलं.

"बघा!" अर्जुनराव ओरडले. "माझ्या इहिरीचं पाणी पिऊन वाढलं हे झाड!"

"म्हंजे वसव्यानं पोट भरलं न्हाई व्हय," साखराबाई म्हणाली. "आधी सावली तुमची, आता पाणी तुमचं. उद्या म्हनाल पाखरं बी आमचीच बसली."

ते मूळ तोडायला तुरीत उतरणं भाग होतं. कय्युमच्या माणसानं पाय उचलला, तसे अर्जुनराव आडवे झाले. "फुलातली तूर हाय माझी. एक पाय पडला तर बघा."

"आवो, मुळं मोकळी करायची तुमचीच अट," कय्युम म्हणाला.

"माझ्या रानातली न्हाई."

कय्युमनं कुऱ्हाड खाली ठेवली. सगळी मुळं तुटलेली आणि एकावर झाड उभं. अशा झाडाखाली कुणी जात नाही. कय्युमनं सगळ्यांना लांब नेलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "आता त्याची मर्जी."

माणसं दोन्ही बाजूंना बसली. छबुबाई आपल्या रानात, एका बाभळीला टेकून. अर्जुनराव तुरीच्या कडेला. गीताबाई मधे बांधावर, दोघांपासून सारख्याच अंतरावर. नवऱ्याकडेही गेली नाही आणि नणंदेकडेही. तोडलेल्या मुळांचा कडू वास येत होता. एवढं मोठं झाड इतकं गप्प उभं असलं की त्याच्याकडे पाहणारा प्रत्येक जण आपलंच काहीतरी मोजत बसतो. छबुबाई कदाचित ती खोली मोजत असेल, तिची एकच खिडकी, जी भावाच्या गोठ्याकडे उघडायची.

दुपार कलताना वारं सुटलं. डोंगरावरून आलं, छबुबाईच्या रानावरून, आणि लिंबाला अर्जुनरावांकडे लोटायला लागलं. शेंडा हलला. बुंध्यात कुठंतरी एक कुरकुर झाली आणि अख्खं झाड तुरीकडे झुकलं. अर्जुनराव उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

छबुबाई उठली नाही. तिनं मूठभर माती धरली होती, ती तशीच धरून ठेवली.

मग वारं थांबलं. झुकलेलं झाड परत फिरलं, सरळ झालं आणि सरळ होऊन थांबलंच नाही. न सवळलेल्या फांद्यांचा सगळा भार एकदम छबुबाईकडे आला. तुरीतलं मांडीएवढं मूळ ताणलं गेलं. कुणी कुऱ्हाड लावली नव्हती, तरी ते जमिनीतून सुटायला लागलं, तुरीच्या ओळींमधून माती उधळत, ढेकळं उचलत, बैल दावं ओढून काढतो तसं. आणि तुटण्याचा आवाज येण्याआधीच लिंब बरडावर पडला होता. जमीन हादरली. रानातली सगळी पाखरं एकदम वर उडाली.

धूळ खाली बसायच्या आधी बांधावरून गीताबाईचा आवाज आला, "पडलं! वन्सं, तुमच्याकडं पडलं!"

ती नाचतच होती. नवरा बघतोय हे तिच्या लक्षातच नव्हतं, किंवा असेलही.

साखराबाईनं दोन्ही हात वर केले. कय्युम म्हणाला, "मुबारक हो आपा," आणि आपल्या माणसांवर खेकसला, "बघता काय बे, मशीन काढा!" छबुबाई तेव्हा कुठं उठली. पडलेल्या बुंध्यापाशी गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत चालली, आणि परत आली तेव्हा मोठ्यानं हसत होती. तिला असं हसताना गावानं पाहिलं नव्हतं. तोंडात थोडेच दात राहिलेले, पण सगळे दिसत होते.

"अर्जुना," ती ओरडली, "फांद्या ने! तुझ्या चुलीला व्हतील. मी दिलेल्या हायत, सांग घरी!"

अर्जुनराव तुरीतून परत गेले. जाताना त्यांनी आपलीच बरीच तूर तुडवली.

बुंधा कय्युमच्या वखारीत चिरला गेला. फळ्या सुकल्या, तुळई झाली, चौकट झाली. उन्हाळ्यात रानात घर उभं राहिलं: बाभळीच्या मेढी, लिंबाची तुळई, वर पत्रा. खिडक्या दोन ठेवल्या, दोन्ही झाडांकडे उघडणाऱ्या. उरलेल्या फळ्यांचं दार कुंपणाला बसवलं. वास्तूच्या दिवशी गाव जेवलं. दुपारी काम आटोपलं की गीताबाई तिकडंच येऊन बसायला लागली. दोघी कुणाकुणाच्या नकला करायच्या. एक नक्कल बरीच लांब चालायची, ती कुणाची हे सांगायची गरज नाही.

पुढच्या हंगामात अर्जुनरावांची बांधालगतची तूर बाकीच्या तुरीएवढीच उंच झाली. ऊन भरपूर, सावली नाही. सवयीनं ते सकाळी बांधावर यायचे, वाळलेलं काही दिसतंय का बघायचे आणि परत जायचे. तक्रार गेली की माणसाच्या सकाळीत किती जागा रिकामी होते, हे त्यांना आत्ता कळत होतं.

एक दिवस ते बांधावर आले आणि परत गेले नाहीत. गोठ्याची मेढ मोडली होती. छबुबाई अंगणात कुऱ्हाडीचा दांडा तासत बसली होती. त्यांनी सवयीनं एक पाय बांधापलीकडे टाकला, मग काय वाटलं कोण जाणे, परत घेतला.

"अक्का," ते तिथूनच म्हणाले, "दोन मेढी पायजे व्हत्या. चांगल्या बघून. इकत."

छबुबाईनं मान वर केली नाही. "हायत की. ये."

ते परत पाय उचलायला लागले.

"तिकडून न्हाई," ती म्हणाली. "दारातनं ये. दार केलंय म्या, एवढं झाड पाडून."

कुंपणाचं दार रानाच्या पलीकडच्या अंगाला, गावरस्त्याकडे होतं. अर्जुनरावांनी पाय खाली घेतला. मग कुंपणाच्या कडेकडेनं चालायला लागले. डोंगराच्या बाजूनं वळसा, मग साखराबाईच्या शेताची कड, मग ओढा. काट्यांच्या आत बाभळी, हिवर, बोरी संपत नव्हत्या. त्यांच्यामधे कमरेएवढी पोरं उभी होती, मोजता येणार नाहीत इतकी. दातवण मोडायला ते या रानात किती वेळा आले असतील, पण नेहमी बांधापासून दहा पावलं. त्याच्यापुढे रान केवढं आहे हे त्यांना त्या दिवशी चालून कळलं.

दारात पोचेपर्यंत ते घामाघूम झाले होते. तिथल्या वाटेवर एक अनोळखी माणूस बैलगाडी घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, "छबुबाईचं रान हेच का वो?"

"हेच," अर्जुनराव म्हणाले. "माझ्या मागं उभे राहा. आधी माझा नंबर हाय."