ॲडम्सटाउनचे शनिवार तेली

अलिबागला राहिलेल्यांनो आणि इस्राएलात अश्दोदला गेलेल्यांनो,

२०२०च्या जानेवारीत आयर्लंडला निघालो, त्या सकाळी पप्पा आम्हाला नवगावच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. आपल्या पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं. वाचलेल्या सात जोडप्यांनी बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पप्पा एवढंच म्हणाले, "या गावाने भिजलेल्या माणसांना हाकललं नाही. विसरू नकोस."

डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला घर मिळालं. लॉकडाऊनच्या आधी सिनेगॉगमध्ये सॅम नावाचे म्हातारे गृहस्थ भेटले. "तुम्ही ज्यू? दिसत नाही तसे!" त्यांचे आजोबा ज्यू म्हणून मार खाऊन लिथुआनियातून पळालेले. मी सांगितलं, आमच्या पोथ्या समुद्रात गेल्या. शेमाची प्रार्थना, सुंता आणि शनिवार एवढंच उरलं. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून कोकणात आम्ही शनिवार तेली. "ग्रँड स्टोरी," म्हणत ते हसले. पटलं नव्हतं.

२०२१च्या मे महिन्यात, शनिवारी दुपारी, खिडकीतून वीट आत आली. काचा माझ्या लेकीच्या, नोआच्या केसांत. मी बाहेर धावलो. तिघे होते. आधी आम्हाला पाकिस्तानी समजून "पाकी" ओरडले. मग एकाला दाराच्या चौकटीवरचा मझुझा दिसला, प्रार्थना ठेवलेली ती छोटी डबी, आणि शिवी बदलून ज्यूंची झाली. त्याने डबी उपटली. मी त्याचा हात धरला, तर दुसऱ्याने त्याच्या हातातली वीट माझ्या तोंडावर हाणली. पडल्यावर लाथा. बरगडी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. बायको, डायना, तवा घेऊन धावली आणि एकाच्या खांद्यावर असा हाणला की तो किंचाळला. तेव्हा कुठे पळाले.

पप्पा फोनवर रडले. "ज्यू म्हणून आपल्या घराण्यात कुणी मार खाल्ला नव्हता रे. परत या."

दोन दिवसांनी सॅम आले. माझं सुजलेलं तोंड बघून म्हणाले, "आता तू आमच्यातला."

त्यांना धीर द्यायचा होता. मला मात्र पुन्हा वीट बसली. मोडक्या दातांतून म्हणालो, "सॅम, मी आधीपासूनच होतो. मार खाऊन नाही झालो."

ते पायरीवर बसले. "सॉरी," म्हणाले.

आम्ही परतलो नाही. दार उघडताना मला अजून घाम फुटतो. जिथे भीती नसते ते घर, असं वाटायचं. आता वाटतं, ज्याच्यासाठी माणूस विचार न करता बाहेर धावतो, ते घर. अलिबागसाठी मला कधी धावावंच लागलं नाही. ते फुकट मिळालं होतं.