वकीलसाहेबांचं अशील

वकीलसाहेब आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढले नाहीत. शिक्षण सातवी, काम आमच्या घरी ड्रायव्हरचं. पण आमच्या मोठ्या गाडीबद्दल कुणी एक वाकडा शब्द काढू दे, की हातातलं फडकं खांद्यावर टाकून, घसा साफ करून ते समोर उभे राहत आणि म्हणत, "झालं तुमचं? आता माझी बाजू ऐका." मग अर्धा तास सुटका नाही. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांना वकीलसाहेब हे नाव पडलं ते यामुळे. पुढे पुढे त्यांच्या बायकोलाही बाजारात वकिलीणबाई म्हणू लागले, आणि तिनंही कधी तक्रार केली नाही.

त्यांचं अशील म्हणजे ती गाडी. काळी, लांबलचक, विलायती. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव फार मोठं आहे, आणि पुढं जे सांगायचंय ते वाचून कुणी त्या नावाला बोट लावलं तर वकीलसाहेब जिथं असतील तिथून उठून येतील.

गाडी आमच्याकडे आली ती वकीलसाहेबांच्या शब्दावर. बाबूजी, म्हणजे माझे सासरे, सरकीचे व्यापारी. एकदा हैदराबादला गेले असताना एका नवाबाच्या घरची जुनी गाडी विकायला आहे असं कळलं. बाबूजींचं मन खाली-वर होत होतं. वकीलसाहेब तेव्हा तरुण होते, बाबूजींचा ट्रक चालवायचे. त्यांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या, बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "बिनधास्त घ्या बाबूजी. ही रस्त्यात उभी राह्यली तर माझं नाव बदला." बाबूजींनी घेतली. मोंढ्यात हसं झालं. कुणी म्हणालं, शेठनं दारात हत्ती बांधला. कुणी म्हणालं, नाव मोठं लक्षण खोटं. बाबूजी सगळ्यांना एकच उत्तर देत, "आमच्या माणसानं बघून घेतली आहे." तेव्हापासून वकीलसाहेबांचं नाव त्या गाडीला बांधलं गेलं ते कायमचं.

मी या घरात सून म्हणून आले ती त्याच गाडीतून. माहेर लातूरचं, शाळा मराठी, आणि चौकशीची खोड जन्मजात. सासरी सुनेला बींदणी म्हणतात; पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "बींदणी, तू प्रश्न फार विचारतेस." घरात माझ्या प्रश्नांना न कंटाळणारं माणूस एकच होतं. गाडीत बसलं की मी विचारायची आणि समोरच्या आरशात बघत वकीलसाहेब सांगायचे.

कंपनीचा इतिहास त्यांनी मला किती वेळा सांगितला असेल, देव जाणे! कंपनीचा पहिला मालक लोहाराचा मुलगा होता. पुढच्या वेळी तोच घड्याळजी व्हायचा. त्याच्या कारखान्यात एक म्हातारा मिस्त्री फक्त इंजिन ऐकायच्या पगारावर होता. त्यानं मान हलवली नाही तर गाडी दाराबाहेर पडत नसे. एका राजानं दोन गाड्या मागितल्या तर मालकानं कळवलं, एकच मिळेल, दुसरी तुमच्या मुलाच्या लग्नापर्यंत तयार होईल. हे सगळं त्यांना नवाबाच्या जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. गाडी आणायला गेल्यावर ते त्याच्याकडे आठ दिवस मुक्कामाला राहिले होते. पुढे हातात मोबाईल आला, तशी मी एकेक गोष्ट तपासायला बसले. बऱ्याचशा खोट्या निघाल्या, एक तर भलत्याच कंपनीची होती. आता काय म्हणतात बघू, म्हणून मी मुद्दाम त्यांना सांगितलं. ते जरासुद्धा बिचकले नाहीत. "भाभीजी, ज्यानं हे मोबाईलवर लिहिलं, त्यानं गाडी कधी धुतली का?" "ते कसं कळणार?" "मंग? मी रोज धुऊन राह्यलो."

आमची सरकीची मिल शहागडला, गोदावरीच्या अलीकडे. महिन्यातून दोनदा तरी घरातलं कुणी ना कुणी जाणारच. अंबड सोडलं की थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला एक लिंबाचं झाड, त्याखाली शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड आणि बाजूला हापसा. तिथं गाडी थांबणार म्हणजे थांबणार. सगळ्यांनी उतरायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, प्रदक्षिणा घालायच्या. आणि प्रसाद हातात पडेपर्यंत मागं वळून गाडीकडे बघायचं नाही. बघितलं तर दर्शन फळत नाही. सासूबाईंनी मला ही रीत घरच्या इतर रीतींबरोबर शिकवली. मी विचारलं, राजस्थानातून आलेल्या आपल्या घराण्याचा म्हसोबाशी काय संबंध? त्या म्हणाल्या, "संबंध काय विचारतेस? गाडी आली तेव्हापासून आहे." म्हणजे देव आमच्या घरात गाडीबरोबर आला होता.

माझं डोकं मात्र प्रदक्षिणांच्या आकड्यावर अडकलं. थंडीत पाच, पावसाळ्यात अकरा आणि उन्हाळ्यात एकवीस. आकडा वकीलसाहेब सांगत. "असा कसा देव हो हा, मोसमाप्रमाणे मागणारा?" मी विचारलं. "उन्हाळ्यात देव कडक असतो, भाभीजी. आपण न्हाई का चिडत उन्हाचं?" शिवाय पूजेची हळद. घरून निघताना ते आठवणीनं मागत, हळद अर्धा किलो आणि कुंकू चिमूटभर. ती पिशवी भरून द्यायचं काम माझं. एवढी हळद देव करतो काय, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही, आणि मी म्हणे चौकस! एकदा मात्र न राहवून मी मागं वळून बघितलं. बॉनेट उघडं होतं आणि वकीलसाहेब तांब्यानं आत पाणी घालत होते. मला बघून ते ओरडले, "भाभीजी! देव बघून राह्यला!" परत निघाल्यावर आपणहून म्हणाले, "गाडीलाबी तीर्थ द्यावं लागतं." मला ते पटलंसुद्धा.

ऐन मे महिन्यातला एक प्रवास घरात सगळ्यांच्या लक्षात आहे. मोंढ्यातले चंपालालजी, गाडीला हत्ती म्हणणारे ते हेच, शहागडच्या एका लग्नाला आमच्या गाडीतून आले. वजन शंभराच्या पुढे आणि जीभ त्याहून जड. अंबड गेलं तसे वकीलसाहेब गप्प झाले. आरशात मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. लिंबाखाली गाडी थांबवून ते म्हणाले, "आज एकतीस." चंपालालजींनी विचारलं, "इतक्या?" "पहिल्यांदा येणाऱ्याला दहा जास्त असतात, शेठ." भर उन्हात त्या माणसानं एकतीस प्रदक्षिणा घातल्या. शेवटच्या दहा तर दगडाला हात टेकत टेकत. वकीलसाहेबांनी बॉनेटवर तळवा ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "देव पावला. चला." सोमवारी मोंढ्यात चंपालालजी सांगत होते, "गाडी एकदम बराबर आहे. पण त्यांचा देव लई कडक!" त्यानंतर हत्ती हा शब्द कुणी काढला नाही.

मग वकीलसाहेबांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. माझ्या नवऱ्यानं त्याच कंपनीची नवी गाडी घेतली, नवा ड्रायव्हर ठेवला, आणि वकीलसाहेब आष्टीला आपल्या गावी राहायला गेले. जायच्या दिवशी त्यांनी नव्या गाडीभोवती तीन चकरा मारल्या, बॉनेटला कान लावला. "काय म्हणतेय?" मी विचारलं. "काहीच न्हाई म्हणत," ते म्हणाले. त्यांना ते आवडलं की नाही, मला कळलं नाही. जुन्या गाडीवरून मात्र त्यांनी इतका वेळ हात फिरवला, की आम्ही सगळे काहीतरी कामं काढून आत निघून गेलो.

जुनी गाडी नीट करून मिलच्या फाटकात दिमाखात उभी करायची असं घरात ठरलं. मिस्त्री आला. त्यानं रेडिएटर खोलला आणि हसायलाच लागला. "भाभीजी, इकडं या. ही गाडी आहे का लगनातली नवरी?" बघते तर आत पिवळाधमक चिखल. हळद! मला काही कळेना. तो म्हणाला, जुने ड्रायव्हर करायचे असं. रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायची, ती फुगून भोकात बसते, तेवढ्यापुरती गळती थांबते. "पण ह्यानं गाडीला वर्षानुवर्षं हळदीवर जगवलं की! रोज गरम होत असणार. झाकण उघडायच्या आधी वीस मिनिटं तरी थांबावं लागत असेल."

वीस मिनिटं. एकवीस प्रदक्षिणा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. हळद तर मीच बांधून देत होते!

दोन दिवसांनी मी आष्टीला गेले. वकीलसाहेब अंगणात बाजेवर पडून होते. छातीचं दुखणं, अंगात काही उरलं नव्हतं. वकिलीणबाईंनी चहा ठेवला. मी म्हटलं, "वकीलसाहेब, रेडिएटर खोलला." त्यांनी आधी वकिलीणबाईंना "जरा शेण-पाणी बघ" म्हणून गोठ्यात पाठवलं. म्हणजे बायकोलाही माहीत नव्हतं.

"हैदराबादहून येतानाच गरम झाल्ती, भाभीजी. त्या लिंबापाशी. बाबूजी मागं झोपलेले. मी पाणी घातलं, आणि ते जागे झाले तर म्हणलो, देवाला नमस्कार करून घ्या, नवी गाडी आहे. काय सांगू? आठ-दहा दिवसांआधीच म्हणलो होतो, माझं नाव बदला."

"अहो, पण एवढी वर्षं? नवा रेडिएटर का नाही टाकला?"

"तिचा इथं मिळत न्हाई. परदेशातून मागवायचा तर बाबूजींना सांगावं लागतं. दोनदा भोकाला डाग मारून घेतला गुपचूप. सांगणार होतो. पहिल्या वर्षी जमलं न्हाई, दुसऱ्या वर्षी तुमच्या सासूबाईंनी नवसाचा नारळ फोडला तिथं. मंग कोणत्या तोंडानं सांगू?" आणि मग, एवढ्या आजारातही, कोपरावर उठून बसत ते म्हणाले, "पण गाडीला दोष देऊ नका. तिच्या मुलखात बर्फ पडतो. आपलं ऊन तिला कुणी विचारून दाखवलं का? चूक माझी. कंपनीची बिलकुल न्हाई."

मला हसूही आलं आणि रडूही. मी विचारलं, "आणि देव? तोही खोटाच?"

"न्हाई न्हाई! देव खरा आहे." ते एकदम गंभीर झाले. "तिथून पुढं शहागडपर्यंत एकदाबी गाडी बंद पडली न्हाई. एकदाबी. हे कुणामुळं?" थोडा दम खाऊन म्हणाले, "बाबूजींना सांगू नका, भाभीजी. माझ्या शब्दावर घेतल्ती त्यांनी. बाजारात माझं नाव घेऊन सांगायचे. तेवढं राहू द्या." मी त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. सून होऊन आले तेव्हाही मी त्यांच्या पाया पडले होते, पण ते रीत म्हणून.

त्यानंतर तीन आठवड्यांत ते गेले. बाबूजींना बातमी सांगितली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "शहागडला जायचं आहे. बींदणी, तू चल."

नवी गाडी, नवा ड्रायव्हर, दिवस उन्हाचे. आत इतकं गार की बाबूजींनी शाल गुंडाळली होती. अंबड गेलं आणि लिंब दिसताच ते म्हणाले, "थांबव." ड्रायव्हरनं थांबवली. ऐंशीच्या घरातल्या बाबूजींनी माझा हात धरून प्रदक्षिणा सुरू केल्या. पाचव्याला मी म्हटलं, "बस झालं बाबूजी, ऊन फार आहे." ते म्हणाले, "एकवीस." मध्ये दोनदा बसत, हापशाचं पाणी पीत, पूर्ण एकवीस घातल्या त्यांनी. एकदाही मागं वळून गाडीकडे बघितलं नाही. मग ते गाडीपाशी आले आणि बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले.

ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "बाबूजी, ही गाडी गरम होत न्हाई."

"ती तरी कुठं होत होती?" बाबूजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली, शालीच्या टोकानं डोळे पुसले. किती वर्षांपासून माहीत होतं हे विचारायला माझी जीभ वळवळली, पण पहिल्यांदाच मी प्रश्न गिळला. बाबूजींनी बॉनेटवर दोनदा थोपटलं.

"देव पावला," ते म्हणाले. "चला."