तहान सोसलेल्या बिया

माझे वडील श्रीधर सर पांढुर्ण्यात जीवशास्त्र शिकवत. आम्ही त्यांना बापूजी म्हणायचो. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावाला स्वतःचा एक शास्त्रज्ञ हवा झाला आहे, आणि हाताशी दुसरा कोणी नाही.

संत्र्याच्या बागेला बहरासाठी ताण देतात. पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत झाड तहानलेलं ठेवायचं, मग पाणी सोडायचं. झाड फुलांनी भरून जातं. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बापूजी त्याच्या पुढे गेले. झाडाने सोसलेली तहान त्याच्या बियांत उतरते, असं ते म्हणू लागले. पुस्तकात बरोबर उलटं लिहिलेलं. बापूजी वर्गात पुस्तक मिटून ठेवत, आणि पोरं बोर्डाच्या परीक्षेत त्या प्रश्नाचे मार्क घालवून बसत.

तिगावच्या आमच्या बागेत, मुरमाड बांधावर, त्यांनी ताण दिलेल्या झाडांच्या बिया टोकल्या. शेजारी नर्सरीतून आणलेली कलमं लावली आणि पुढे दोन्हींचं पाणी तोडलं. कलमं वाळली, बियांची झाडं उभी राहिली. नागपूरच्या एका सभेत प्राध्यापक हसले, पण पेपरात फोटो आला. तेव्हापासून गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, सरांना मोठ्या लोकांनी दाबलं. दुसरा म्हणतो, सर लपून पाणी घालत. लपून पाणी घालणारा माणूस नव्हता तो. घरात मी होते ना.

घरात त्यांनी पाणी तोडलं ते अंकुरचं. अंकुर माझा धाकटा भाऊ. थंडीत स्वेटर नाही, तापाने फणफणला तरी शाळा, पहिला आला तरी शाब्बास नाही. आई त्याच्या ताटात तूप वाढायला गेली की बापूजी म्हणत, "राहू दे. सोसू दे त्याले. त्याची पोरं दुवा देतील." मी मुलगी म्हणून सुटले. माझ्या बिया दुसऱ्याच्या बागेत जायच्या होत्या. अंकुर बारावीनंतर नागपूरला गेला तो गेलाच. तिथे वायरिंगची कामं करतो. बापूजींचा विषय निघाला की एवढंच म्हणतो, "त्यायचं काहीतरी गणित होतं, ताई." त्या गणितावर विश्वास ठेवून त्याने आपलं बालपण गिळलं.

माझ्या मुलीने, हिमानीने, ते गणित तपासलं. ती पांढुर्ण्याच्या एका खासगी कॉलेजात शिकवते, दर सत्राला नव्याने बोलावणं यावं लागतं. तिने भरपूर पाणी मिळालेल्या झाडाच्या बिया त्याच बांधावर टोकल्या. त्याही पाण्यावाचून जगल्या. नर्सरीतून काढताना कलमाचं सोटमूळ तुटतं, जागेवर रुजलेल्या बीचं मूळ खोल जातं. एवढंच होतं. तहान-बिहान काही उतरली नव्हती. आमच्याकडे संत्रा म्हणजे कलम. बी जागेवर वाढूच देत नाही कोणी, मग कळणार कसं?

या हिवाळ्यात तिच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेला बापूजींचं नाव द्यायचं ठरलं. संस्थेचे वीरेंद्रभाऊ सौंसरला आमच्या घरी आले.

"बेटा, तू नात हाय त्यायची. दोन शब्द बोल. नव्या विज्ञानानं सर खरे ठरले म्हणून."

"पण ते खरे ठरले नाहीत, काका."

"अगं, झाडं उभी हायेत ना? मंग झालं! मुळं उकरून कोण पाहून रायलं?"

ते गेल्यावर मी म्हटलं, "हे बोलू नको. बापूजींच्या नावाची शाल घ्यायला मामा येऊन राहिला."

"मग खोटं सांगू?"

"गप्प राहा म्हणते मी."

"गप्प राहिलं की तेच खरं होते, आई."

नोकरीची भीती होतीच. पण रात्र रात्र डोळा लागला नाही तो अंकुरसाठी. हे त्याला सगळ्यांसमोर ऐकावं लागणार होतं.

समारंभात हिमानी बोलली. बापूजींबद्दल वाईट शब्द काढला नाही, बियांचं जे होतं ते सांगितलं. वीरेंद्रभाऊंनी लगेच माईक घेतला. "म्हणजे सरांची झाडं आजही उभी हायेत! जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. पाटीवरचा पडदा सरकला. बहुतेकांना वाटलं, नातीने आजोबांचं कौतुक केलं. अंकुरला तसं वाटलं नाही.

आम्ही त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. बाकावर बसून तो शालीची घडी घालत होता, मोडत होता.

"हिमानी, पाणी देलं असतं तरी झाड तेवढंच झालं असतं?"

"हो, मामाजी."

"पक्कं?"

"पुन्हा पुन्हा करून पाहिलं मी."

त्याने मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी ऋषिकेशले तसंच वाढवलं न, ताई. वाटलं, आपण सोसलं, त्यालेही जमन."

ऋषिकेश त्याचा मुलगा. पुण्यात असतो. दिवाळीला आला नाही, राखीलाही नाही. आम्ही समजत होतो, कामं जास्त असतील.

गाडी आली. अंकुर चढला, दाराशी उभाही राहिला नाही, सरळ आत गेला. गाडी निघाल्यावर हिमानीने विचारलं, "मामाजींना फोन करू का?"

मी म्हटलं, "ऋषिकेशला कर."