मावशी काही मिरची नाही

नंदुरबारचा सगळा मिरची बाजार कोणी एक वेळ फसवेल, पण माझ्या थोरल्या मावशीला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छातीठोकपणे सांगत आलो. लाल मिरची जिथे उन्हात पसरतात, त्या पथारीवर ती तीस वर्षं मुकादम आहे. चाळीस बाया हाताखाली, पण एकीचीही बिशाद नाही तिच्यापुढे तोंड उघडायची. मिरची कानाशी खुळखुळवून ती किती वाळली ते सांगते. व्यापारी आधी तिच्या तोंडाकडे बघतात, मग मालाकडे. नवीन माल आला की एकाच ढिगातली मिरची ती दोन पथाऱ्यांवर टाकते, एक भर उन्हात, एक जरा आडोशाला, आणि कुठली कसा रंग धरते ते बघत बसते. याला ती नमुना काढणं म्हणते. तिचा नमुना आजवर चुकलेला नाही, आणि हे ती कोणाला विसरूही देत नाही.

अशी बाई मोबाईलला मात्र भुलली. वरणात मीठ जास्त पडल्यावरून सुनेशी बिनसलं, आणि त्याच दिवशी तिने उलट बोलणाऱ्या सुनेचा एक व्हिडिओ पाहिला. शेवटपर्यंत पाहिला. झालं, फोन रोज तसल्याच सुना दाखवायला लागला आणि मावशी रोज फणफणायला लागली. एका सकाळी सून कोरीटला माहेरी निघून गेली. तीन महिने झाले तरी येईना. मी का म्हणून बोलवू, हा मावशीचा ताठा. घर मात्र खायला उठलं होतं.

एकदा चहा पिता पिता मी तिला पेपरातली बातमी वाचून दाखवली. या मोबाईलवाल्या कंपन्या काहींना दुःखाचं दाखवतात, काहींना आनंदाचं, आणि माणसांची मनं कशी पालटतात ते बघतात, असं त्यात होतं. मावशीने बशी खाली ठेवली. त्या माणसांना आधी विचारलं होतं का, एवढंच तिने विचारलं. विचारलं नव्हतं, असं मी सांगितलं.

"मिरचीले कोनी इचारत नही," ती म्हणाली. "पन मी मिरची शे का?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती रिक्षाने कोरीटला गेली. सुनेचा फोन मागून घेतला आणि आपल्या फोनशेजारी ठेवला. तिच्या फोनात एकीपेक्षा एक छळवादी सासवा. मावशी बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली.

"देख बेटा, एकच ढीगनी मिरची दोन पथारीवर टाकेल शे. एक तू, एक मी. मन्हा घरना नमुना काढाले हाऊ मोबाईल कोन?"

मला तिचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मी शिकलासवरलेला, मला बातमी नुसती वाचता आली. तिला ती कळली.

माफी मागणं मावशीच्या रक्तात नाही. सून खाली मान घालून बसलेली. मग ती उठली आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, "आई, जेवन व्हयनं का तुमनं?"

"नही व माय," मावशी म्हणाली. इतक्या हळू आवाजात मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ती मुकाट पाटावर जाऊन बसली. घरून निघताना माझ्यासमोर तिने दोन भाकरी खाल्ल्या होत्या.