दाजींच्या उसातली न फुसकारणारी घोणस

माझ्या वाचकांविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी आज पूर्ण गांभीर्याने नोंदवतो. माणूस पहाटे उठतो, थंडीत कुडकुडत एखाद्या तळ्याकाठी बसतो, घरी येऊन तीन दिवस खपून त्यावर लिहितो. आणि खाली पहिली प्रतिक्रिया येते, 'लोकेशन टाका.' दुसरी येते, 'पार्किंग आहे का?' तिसरे सद्गृहस्थ नुसता अंगठा दाखवतात. तो कोणत्या अर्थाने, हे विचारायची सोय नाही. म्हणून या वेळी मी मुद्दाम अशा जागी गेलो जिथे पार्किंग मुबलक आहे आणि लोकेशन मागून काही उपयोग नाही. जागा म्हणजे शिरोळजवळचा दीड एकर ऊस. तिथलं प्रेक्षणीय स्थळ ऊन बघून रोज आपली जागा बदलतं.

झालं असं की जानेवारीतल्या एका गुरुवारी अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण, लग्न होऊन शिरोळ भागात गेली त्याला आता पस्तीस वर्षं होतील.

"आरं, उसात घोणस हाय," ती म्हणाली. "आणि तुझं दाजी रोज अनवाणी दारं धराय जात्यात. बूट आणून ठेवल्यात मी. पण घालाय नको व्हय? तू ये आणि समजाव. तुला जरा मानत्यात."

मला कुणी मानतं, हे वाक्य माझ्या आयुष्यात इतक्या कमी वेळा उच्चारलं गेलं आहे की मी लगेच हो म्हणालो.

शहरी वाचकांसाठी सांगतो. दारं धरणं म्हणजे उसाला पाणी पाजताना एका सरीचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. काम खोऱ्याने होतं, पण निम्मं हाताने होतं, आणि ते करताना पाय उसाच्या वाळल्या पाल्यात असतात. घोणस राहते ती नेमकी त्याच पाल्यात. तिचा रंग पाल्याचा, अंगावर साखळीसारखे काळसर गोल, आणि सबंध स्वभाव न हलण्याचा. नाग माणसाची चाहूल लागली की सटकतो. धामण तर असली घाई करते की जणू तिची बस सुटते आहे. घोणस बसून राहते. आपण दिसत नाही यावर तिचा पूर्ण विश्वास असतो, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. पंचाईत तिथेच आहे.

शनिवारी सकाळी सातला कोल्हापुरात राजारामपुरीतून स्कूटर काढली. क्लासला निघालेली पोरं पाठीवर दप्तरं घेऊन धुक्यातून वाहत चालली होती. सांगली रस्त्याने हातकणंगले, जयसिंगपूर आणि तिथून उजवीकडे शिरोळ. पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, स्कूटरला रमतगमत दोन तास. रस्ता बरा आहे, पण ऊसतोडीच्या दिवसांत पुढे ट्रॅक्टर लागला की घाई विसरायची. दोन ट्रॉल्या, त्यावर उसाचा डोंगर, मागे लोंबणारी वाढी म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि ते सगळं धुक्यात डुलत चाललेलं. मी अर्धा तास एका ट्रॅक्टरमागे होतो आणि तो कधीच संपू नये असं वाटायला लागलं होतं.

हातकणंगल्याच्या अलीकडे टपरीवर कटवडा खाल्ला. वडा, चहा धरून साठ रुपयांत माणूस जागा होतो. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "पावणं, कुणीकडं?"

"शिरोळ. उसात घोणस निघालीय म्हणून."

"धरताय व्हय?"

"नाही, संस्कृत शिकवायचो."

आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "मग जपून की," ते म्हणाले आणि चहाकडे वळले.

अक्काच्या घरी पोचलो तेव्हा काळे गमबूट उंबऱ्याशी उभे होते, किमतीच्या चिठ्ठीसकट. दाजी परसात खोऱ्याचा दांडा ठोकत होते. साठी ओलांडलेला, उसासारखाच सरळ माणूस. तळपायाला अशा भेगा की त्यात एखादं बी पडलं तर उगवेल.

"या शास्त्रीबुवा," दाजी म्हणाले. "हिनं बोलावलं ना तुम्हाला? मला ठावं हाय."

"बूट का घालत नाही?"

"बुटात पायाला माती कळत न्हाय. पाणी कुठवर आलं, सरी कुठं फुटली, हे पायाला कळतंय. डोळ्याला मागनं दिसतंय."

"आणि घोणस?"

"ती घोणस न्हाय. डुरक्या हाय." डुरक्या घोणस हा वेगळा, बिनविषारी साप. अंगावर तसेच ठिपके, तसाच बसका आणि जाड, आणि गरीब इतका की बिचाऱ्याला लोक घोणस समजून मारतात. दाजींनी बोट वर केलं. "तीन आठवडं झालं बघतोय. बांधाच्या कडंला उनाला बसती. मी चार हातावर उभा ऱ्हातो. एकदा तरी वाजली असंल? घोणस असती तर कुकरागत फुसकारली नसती व्हय?"

युक्तिवाद बिनतोड होता. न्यायशास्त्राच्या वर्गात मी याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. घोणस माणूस जवळ आला की फुसकारते, आणि आपल्याकडच्या कुठल्याही सापापेक्षा मोठ्याने. ही फुसकारत नाही. म्हणून ही घोणस नव्हे. मी अक्काकडे बघितलं.

"मी बघितलीया," अक्का म्हणाली. "लांबनं. मला डुरक्या वाटत न्हाय." आणि ती भाकरी थापायला आत गेली. पीठ मात्र नेहमीपेक्षा जोरात आपटत होतं.

दुपारचं जेवण म्हणजे भाकरी, वांग्याची भाजी, मेथीची गड्डी, दही. त्यानंतर या गावात करण्यासारखं एकच काम असतं, ते मी नदीकाठी जाऊन केलं. जागा झालो तेव्हा कृष्णा तशीच होती, बहुधा माझ्यासाठी थांबलेली. पावसाळ्यात हीच बाई घरांच्या भिंतींवर आपली रेघ ओढून जाते, हे खरं वाटणार नाही इतकी संथ. पलीकडच्या काठावर उसाला तुरे आले होते. वारा आला की सबंध शिवार चंदेरी होऊन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं.

तिथे पडल्या पडल्या मला घोणशीचं संस्कृत नाव आठवलं, गोनस. गाईच्या नाकाचा. नाव ठेवणारा माणूस चांगलाच जवळ गेला असणार, कारण तिच्या नाकपुड्या खरोखर मोठ्या असतात. छातीत हवा भरायची आणि तेवढ्या दारातून जोराने सोडायची, हीच तिची फुसकार. जानेवारी हा तिच्या प्रणयाचा काळ. मादीसाठी दोन नर अंगं उंच करून एकमेकांना खाली दाबतात, चावत नाहीत, मल्लांसारखी नुसती जोड होते. ती अंडी घालत नाही. उन्हाळा उतरता उतरता वीस-तीस पिल्लांना जन्म देते, आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं. विष रक्तावर चालतं. रक्त गोठायचं विसरतं, पाय सुजतो, मूत्रपिंडं थकतात. या सगळ्याच्या आधी मात्र ती फुसकारते. विष तिला उंदरांसाठी हवं असतं, आपल्यावर खर्च करायचं नसतं. ती म्हणते, बाबा रे, मी इथे आहे. इतकी सभ्यता मी काही सरकारी कचेऱ्यांतही पाहिलेली नाही.

संध्याकाळी दाजी येऊन शेजारी बसले. सूर्य तुऱ्यांमागे गेला आणि काठावरच्या गवतातून रातकिड्यांनी सूर लावला. आधी एकाने, मग सगळ्यांनी, इतका दाट की त्याच्यावर डोकं टेकावं.

"पूर्वी ह्या वक्ताला रातकिडं असं वरडायचं," दाजी पाण्याकडे बघत म्हणाले. "औषधं मारून मारून संपलं सगळं. आता कसं गप्प गप्प वाटतंय."

मला वाटलं, म्हातारपणी माणूस कवी होतो. मी मान डोलावली.

रविवारी सकाळी नवाच्या सुमारास शोभाताई आल्या. अक्काने दाजींना न सांगता त्यांना फोन केला होता. शोभाताई गावच्या दूध संस्थेत दुधाचं फॅट मोजतात आणि उरलेल्या दिवसात आसपासच्या गावांतले साप धरून लांब सोडून येतात. हातात लोखंडी आकडा, काखेत प्लॅस्टिकचा पाइप, त्याच्या एका तोंडाला कापडी पिशवी बांधलेली. साप स्वतःच बीळ समजून पाइपात जातो आणि पिशवीत निघतो.

"डुरक्या हाय, पोरी. उगा आलीस," दाजी म्हणाले.

"डुरक्या असली तर दर्शन घिऊन जाते की, आप्पा."

अक्का म्हशीच्या वैरणपाण्यात अडकली होती. आम्ही तिघं निघालो. धुकं विरत होतं आणि पाल्यावरचं दंव वाफ होऊन वर जात होतं, जणू अख्खा ऊस मंद आचेवर ठेवलेला. दाजी पुढे, अनवाणी. बांधाच्या वळणावर ते थांबले आणि बोट दाखवलं.

मला आधी नुसता पाला दिसला. मग पाल्यातला एक भाग नको तितका नीटनेटका दिसला. तपकिरी अंग, त्यावर काळ्या कडेचे लंबगोल, एकामागे एक, कुणी सावकाश विणल्यासारखे. ती सुंदर होती, हे मला नाइलाजाने लिहावं लागतं आहे.

आणि मग ती वाजली. ट्रकच्या चाकाचा वॉल्व्ह उघडा राहावा तसा आवाज, लांब, सलग. अंग भात्यासारखं फुगायचं आणि आवाज निघायचा, पुन्हा फुगायचं आणि पुन्हा. मी चार पावलं मागे कधी गेलो ते मला कळलं नाही. शोभाताईंचा आकडा पुढे झाला.

दाजी जागचे हलले नाहीत. ते आमच्याकडे वळून हसत होते.

"बघा," ते म्हणाले, "हाय का आवाज?"

शोभाताईंनी त्यांच्या बाहीला धरून त्यांना मागे ओढलं. त्याच क्षणी घोणस उसळली, अर्धं अंग जमिनीवरून सुटलं आणि दात आकड्यावर आपटले. जिथे आपटले तिथे क्षणापूर्वी दाजींची पोटरी होती. पुढे शोभाताईंनी काय काय केलं ते मी नीट पाहिलं नाही. पाचेक मिनिटांनी पिशवीचं तोंड बांधलेलं होतं आणि पिशवी अजून फुसकारत होती.

दाजी बांधावर बसले.

"वाजली व्हय ती?" त्यांनी मला विचारलं.

"वाजली."

"लई?"

"लई, दाजी."

त्यांनी एक बोट कानात फिरवलं. मग म्हणाले, "आणि काल सांजचं रातकिडं?"

"ओरडत होते."

वय झालं की कानातून वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, मग ते कितीही मोठे असोत. ट्रॅक्टर ऐकू येतो, मोटर ऐकू येते, समोर बसलेल्या माणसाचं बोलणं येतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. ज्याचे जातात त्यालाही येत नाही. त्याला वाटतं, जगच जरा शांत झालं.

"एक नेली म्हणून रान मोकळं होत न्हाय," शोभाताई पिशवी उचलत म्हणाल्या. "उंदरं हाईत तवर दुसरी येणार. आणि हे दिवस त्यांच्या जोडीचं. आप्पा, दवाखान्यात जाऊन कान दाखवा." मग हळूच मला म्हणाल्या, "मी काय घरात सांगत न्हाय. सांगायचं ते तुम्ही सांगा."

त्या गेल्यावर दाजींनी माझा हात धरला. "बूट घालतो. आजपासनं घालतो. पण हे हिला सांगू नगा. हिला कळलं तर ही मला उसात पाय ठिवू द्यायची न्हाय. जमीन दुसऱ्याला वाट्यानं लावील. मग मी कट्ट्यावर बसून काय करू?"

"कान दाखवायला चला माझ्याबरोबर. कोल्हापूरला."

"उसाची तोड हुं दे. मग बघू."

मी हो म्हणालो.

घरी अक्काने दाजींच्या पायात गमबूट पाहिले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला क्षणभर मी फार मोठा माणूस वाटलो. "बघ, मी म्हणलं नव्हतं, तुला मानत्यात!" तिने काकवीची बाटली आणि शेंगांची पिशवी स्कूटरला बांधून दिली. येताना नरसोबाच्या वाडीला वाकडी वाट केली, पेढे घेतले, घाटावर बसलो. पाणी तसंच होतं, संथ. मला मात्र झोप आली नाही.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उसात शिरायचंच असेल तर जाड, उंच बूट घाला, काठी आपटत चला, कानात काही घालू नका, हात दिसत नाही तिथे हात घालू नका. साप चावलाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला भाग हलवू न देता सरळ दवाखाना गाठा, जिथे प्रतिविष आहे तिथे. रात्री शेतावर राहायचं असेल तर विजेरी हवीच.

घरी येऊन चार दिवस झाले. धुकं आठवतं, चंदेरी शिवार आठवतं, ती साखळीची नक्षी डोळे मिटले की दिसते. काल अक्काचा फोन आला. खुशीत होती. घोणस गेली, बूट आले, आता तिला शांत झोप लागते म्हणाली. बोलता बोलता तिने सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून शेतीची लाईट, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची आहे, दाजी रात्री बाराला दारं धरायला जातील.

बूट गुडघ्यापर्यंत येतात. सरीत माती लावायला वाकलं की हात पाल्यात जातात. अंधारात दाजींना दुसरी घोणस दिसणार नाही, आणि ती कितीही फुसकारली तरी त्यांना कळणार नाही. अक्काला हे ठाऊक नाही. मला आहे. फोन ठेवताना मी तिला म्हणालो, "बरं झालं, अक्का." तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. मला काळजी वाटते ती याची.