वेंडलच्या खिशातले सेल

वेंडल त्या खोपीत चार्जर लावून तसाच झोपत असेल, ही काळजी मार्लिसच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

दिवस कलला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठलेलं तळं दिसत होतं, आणि त्यावर मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोप्या. बर्फ आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली गेली की त्या अधांतरी तरंगू लागत. त्यांतली निळी खोपी तिच्या लेकाची. हिवाळाभर त्याचा मुक्काम तिथंच. बर्फाला भोकं पाडायची, शहरातून आलेल्या हौशी लोकांना गळ लावून द्यायचे, आणि अंधार पडला की शेगडीशेजारी आडवं व्हायचं. उन्हाळ्यात तो बोटींची इंजिनं दुरुस्त करी, पण तेव्हा कुठं तरी हरवल्यासारखा दिसे.

लहानपणीही तो बर्फावर कान टेकून पडायचा आणि खाली तळं गातंय म्हणायचा. त्याचा बाप लेस्टर हसायचा, आणि हसता हसता खोकायचा. त्याच खोकल्यानं पुढं लेस्टरला नेलं. त्यानंतर वेंडलनं सिगारेट सोडून ई-सिगारेट धरली. मार्लिसला तीही आवडत नव्हती, पण ती गप्प राहिली. आधी कितीदा त्यानं सोडायचा प्रयत्न केला होता, आणि कुणी जरा टोकलं की हट्टानं पुन्हा पाकीट उघडलं होतं.

आज दुपारी तो सूप प्यायला आला होता. तो जेवत असताना तिनं त्याच्या कोटाचा उसवलेला खिसा शिवायला घेतला. आतून शिशाची वजनं निघाली, किल्ल्या निघाल्या, आणि त्यांच्यातच ई-सिगारेटचे दोन सुटे सेल.

"नाताळात डबी दिली होती ना तुला, सेल ठेवायला?"

"आहे की. झकास डबी आहे, आई. बारके गळ अगदी मापात बसतात."

"आणि सेल शिशाबरोबर?"

"त्यांचं चांगलं पटतं."

"दोन्ही टोकांना धातू टेकला की मांडी भाजेल, तेव्हा कळेल."

"तेवढीच ऊब." वेंडलनं वाडगा तोंडाला लावला.

तिला हसू आलं, पण हातातला एक सेल बर्फासारखा गार होता, आणि त्याचं वेष्टण फाटून आतला धातू दिसत होता.

"कोट गाडीत राहिला रात्रभर," वेंडल म्हणाला. "खोपीत गेलो की लावतो चार्जिंगला."

"गारठलेला सेल लगेच लावू नये, वेंडल. आधी घरातल्या हवेला येऊ द्यावा. आणि हा फाटका लावायचाच नाही, पेट घेईल. जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथं देऊन टाक. डबीबरोबरचा कागद तरी वाचलास का?"

"त्या कागदानं शेगडी पेटवली. छान पेटला."

"चार्जर ठेवतोस कुठं?"

"उशाशी, गोधडीवर." मग वाडग्यात बघत तो म्हणाला, "त्याचा बारका दिवा असतो ना. सोबत वाटते."

तिनं दोरा तोडला. त्यानं सेल पुन्हा खिशात टाकले, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि गेला.

आता खोप्यांतून एकेक उजेड उगवत होता. बर्फावरून धूर सरळ वर जात होता, इतका सावकाश की तळंच झोपेत श्वास सोडतंय असं वाटावं. निळ्या खोपीत तो आता मोजे वाळत घालत असेल. बाहेर एवढं पाणी, पण सगळं दगड झालेलं. आत लाकूड, गोधडी, आणि गाढ झोपणारा तिचा लेक.

आता टोकलं तर तो चिडेल. कदाचित रागानं शेजारच्या खोपीतून एक सिगारेटही मागून आणेल. इतके दिवस तिला त्याचीच भीती वाटत होती. पण पेटवलेली सिगारेट उद्या पुन्हा सोडता येते. त्यासाठी उद्या त्याला जाग यायला हवी.

फाटका सेल बाजूला काढ म्हणायचं. दुसरा सेल तू जागा असेपर्यंतच चार्ज कर, शेगडीपासून लांब, पत्र्याच्या ताटात ठेवून. आणि झोप येईपर्यंत सोबत हवी असेल तर मी बोलत बसते.

मार्लिसनं खिडकीशी खुर्ची ओढली आणि वेंडलचा नंबर लावला.